आवाज वाढवून शब्द कळत नाहीत

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर बाबांनी विचारलं आणि मी ते हसण्यावारी नेलं. "गाण्यांच्या आवाजाचं काम शिकणाऱ्या पोरांना दर शुक्रवारी लिहून पाठवतेस, त्यात सगळंच सांगून टाकतेस. उद्या तीच पोरं तुझी कामं घेऊन जातील, मग?" तेव्हा धड उत्तर सुचलं नाही, म्हणून हे पत्र.

बाबा, सुरुवातीला मलाही तसंच वाटायचं. एक-दोन युक्त्या मी मुद्दाम राखून ठेवल्या होत्या. मग एकदा कॉम्प्रेसरवर, म्हणजे गाण्यातला उसळणारा आवाज दाबून धरणाऱ्या साधनावर, लिहायला बसले. इतकी वर्षं रोज वापरते ती गोष्ट, आणि "याने आवाज जरा बांधून येतो" याच्या पुढे पेन सरकेना. आता यातून कुणाला काय कळणार? शेवटी एक जुनं गाणं लावलं आणि एकेक आकडा बदलून ऐकत बसले. आई, तेव्हा तूच म्हणाली होतीस, "थ्रेशोल्ड थ्रेशोल्ड काय करतेस, सरळ उंबरठा लिही की." लिहिलं. आवाज उंबरठ्याच्या आत असेल तर कॉम्प्रेसर त्याला हात लावत नाही. उंबरठा ओलांडला की दाबतो. प्रमाण चारास एक ठेवलं, तर उंबरठ्याच्या 8 डेसिबल वर उसळलेला आवाज 2 डेसिबलच वर जातो. इथपर्यंत सोपं आहे. दाबायला सुरुवात किती लवकर करायची, त्याला आम्ही अटॅक म्हणतो, आणि मी तो कायम अगदी झटपट ठेवत आले होते. एखाद-दुसरा मिलिसेकंद. का, तर सवय! त्या रात्री तो पंचवीसेक मिलिसेकंदांवर नेला आणि गायिकेच्या 'ट'ला, 'क'ला एकदम धार आली. इतकी वर्षं मी अक्षरांची टोकं बोथट करत होते. लिहायला बसले नसते तर अजूनही करत असते. राखून ठेवलेल्या त्या युक्त्यांपैकी एक हीच होती, बरं का.

चुकाही होतात. एकदा मी ठोकून दिलं की 6 डेसिबल वाढवले की आवाज दुप्पट मोठा लागतो. दुसऱ्याच दिवशी एका मुलाने कळवलं, की ताई, सिग्नल दुप्पट होतो, पण कानाला दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात. बरोबर होतं त्याचं. पुढच्या शुक्रवारी तेच आधी लिहिलं आणि मग बाकीचं. असं फुकट कोण तपासून देतं, बाबा?

रोज लिहायचं असतं तर मी केव्हाच सोडलं असतं. आठवड्याने लिहायचं म्हणजे कामात काय अडलं ते साचायला वेळ मिळतो. दोन शुक्रवार चुकलेत, तेही आजारपणामुळे.

आणि सगळ्यात जास्त उत्तरं कशावर आली माहीत आहे? बाबा, तुमच्या तक्रारीवर. मी पाठवलेलं गाणं ऐकून तुम्ही म्हणालात, "चाल छान आहे, पण शब्द कळत नाहीत. आवाज वाढवला तरी नाहीत." मी आधी मनातल्या मनात म्हटलं, वय झालं. वयाचा भाग आहेच त्यात, नाही असं नाही. तरुण कान 20 पासून 20,000 हर्ट्झपर्यंत, म्हणजे खोल खर्जापासून अगदी बारीक आवाजापर्यंत, ऐकतो, आणि वय वाढतं तशी वरची टोकाची बाजू आधी जाते. स्वरांचा जोर खाली असतो, आ-ओ ऐकू येतात. पण 'स' की 'श', 'त' की 'क', हे ठरवणारी बारीक कुजबुज 2,000च्या वर असते आणि ती मुळातच हळू असते. त्यामुळे कुणीतरी गातंय हे कळतं, काय गातंय ते कळत नाही. आवाज वाढवावा तर स्वरही वाढतात आणि वाद्यंही, शब्द आपले तिथेच.

पण मग मी तेच गाणं छोट्या स्पीकरवर, आई झोपल्यावर तुम्ही ठेवता तेवढ्या हळू आवाजात ऐकलं, आणि शब्द मलाही कळले नाहीत! फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच मोजून दाखवलंय की आवाज हळू केला की कानाला खर्ज फार झपाट्याने कमी लागतो. मी स्टुडिओत मोठ्या आवाजात बसून जो तोल साधला, तो तुमच्या खोलीत राहिलाच नव्हता. उघडून पाहिलं तर 3,000 हर्ट्झच्या आसपास गिटार अगदी ठाण मांडून बसली होती. कान सगळ्यात तीक्ष्ण असतो तो तिथून 4,000पर्यंत, म्हणून प्रत्येक वाद्याला तिथेच जागा हवी असते. गायिकेच्या आवाजाला मी हातही लावला नाही. गिटारचा तेवढाच पट्टा 3 डेसिबलने खाली घेतला, आणि पहिल्या ओळीतला 'सावली' सुटा होऊन समोर आला. तोवर तो 'आवली' होता.

हे सगळं लिहून काढलं, फक्त 'माझे बाबा' म्हणण्याऐवजी 'घरातलं एक ज्येष्ठ माणूस' असं लिहिलं. बाबा, पोरं माझं काम घेऊन जातील म्हणता. नेऊ देत की. गिटार कुठे आणि किती कमी करायची हा आकडा त्या एका गाण्याचा आहे, दुसऱ्या गाण्यात तो चालत नाही. तिथे पुन्हा कान लावून बसावंच लागतं.

आता एक काम. सोबत त्याच गाण्याच्या दोन प्रती पाठवल्या आहेत, अ आणि ब. कोणती आधीची ते सांगणार नाही. दोन्हींची पातळी मी सारखी करून दिलीय, कारण जी मोठी वाजते तीच चांगली वाटते, यात भलेभले फसतात. बाबा, रात्री नेहमीसारखं हळू लावून ऐका. आई, तू दुसऱ्या दिवशी हेडफोन लावून. एकमेकांना विचारू नका. दुसऱ्या कडव्यात जो शब्द निसटेल तो तसाच लिहून ठेवा, चुकीचा ऐकू आला तर चुकीचाच लिहा, मला तोच हवाय. आणि बाबा, कान एकदा तपासून घ्या. हे गाण्यासाठी नाही, माझ्यासाठी.

शुक्रवारच्या आत कळवाल ना?

तुमची,
धाकटी