मेस्त्री, तुमच्या भिंतीवर आमचं नाव आहे

मेस्त्री,

स. न. वि. वि.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून लिहीत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लोकांना ते सांगावंही लागणार नाही. समोर आभार मानायला गेले की तुम्ही "चहा सांगू काय?" म्हणून विषयच मोडता. मग हे चारचौघांत लिहायचं ठरवलं, म्हणजे तुम्हाला शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागेल.

मुंबईतली साकीनाक्याची इमारत पाडून टॉवर उठणार आणि आमचा भाड्याचा गाळा जाणार, हे कळलं तेव्हा कोल्हापूर हे नाव आमच्या घरात नवं नव्हतं. आमच्याकडे मशिनिंगला येणारी पंपाची कास्टिंग इथल्याच फाउंड्रीत ओतलेली असायची. पावणेचारशे किलोमीटर ट्रकने येऊन ती आमच्या लेथवर चढायची आणि पहिला कट मारला की आत ब्लोहोल, म्हणजे ओतताना राहिलेली पोकळी, निघायचं. मग ती परत पाठवा, बदली येईपर्यंत थांबा, तोवर गिऱ्हाइकाचे फोन घ्या. जिथं लोखंड ओततात तिथंच जाऊन बसावं, हे बाबा कित्येक वर्षं बोलत होते. जुन्या काळी म्हादबा मेस्त्रींनी इंजिन घडवलं त्या गावात आपलं मशिन उभं राहील, याचं त्यांना केवढं अप्रूप होतं.

पण गावात पाऊल टाकायच्या आधीच गावाबद्दल मन खट्टू व्हावं अशी माणसं भेटली. एका एजंटाने जयंती नाल्याच्या अंगाचा गाळा दाखवला, टोकन घेतलं आणि "पाण्याचा काही त्रास नाही" असं छातीठोक सांगितलं. तुमची-आमची ओळख त्याच दिवशी झाली, आठवतंय? आम्ही पत्ता विचारायला तुमच्या दारात थांबलो होतो. तुम्ही हातातलं काम बाजूला ठेवलंत, आमच्याबरोबर चालत आलात आणि शेजारच्या भिंतीवर माझ्या खांद्याच्याही वर उमटलेली मळकट रेघ दाखवलीत. "हे एकोणीसचं पाणी. एकवीसला पण आलंतं. मशिन कुठं उचलून ठेवणार हाय ताई?" एवढंच बोललात. आम्ही तो गाळा सोडला. टोकन परत मागितल्यावर एजंटाने फोन उचलणं बंद केलं. नंतर तुमच्या मागच्या बोळातला गाळा रिकामा होतोय हे तुम्हीच कळवलंत, आणि दलालीचा विषय काढू दिला नाहीत.

विजेच्या जोडणीसाठी कुठे किती चपला झिजवल्या ते इथे लिहीत नाही. आमच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी एकाने आम्ही मुंबई सोडतोय हे ऐकताच उरलेलं बिल अडवून धरलं. "आधी तिकडे बस्तान बसवा, मग बघू." वीस वर्षांहून जास्त काळ बाबांनी रात्री जागून त्यांचे जॉब काढले होते. ते वाक्य बाबा अजून विसरलेले नाहीत, आणि मीही विसरणार नाही.

मशिन आली ती रात्र तर काळजावर कोरली गेलीय. ज्याला हलवण्याचं कंत्राट दिलं होतं त्याने मोठा लेथ बोळाच्या तोंडाशी रस्त्यावर उतरवला, क्रेनची वेळ संपली म्हणाला आणि निघून गेला. पैसे आधीच घेतलेले. वरून पाऊस सुरू झाला. बाबा भिजत लेथच्या बेडवर स्वतःचा रेनकोट अंथरत होते. तुम्ही घरी जेवायला बसला होता असं मला नंतर काकूंकडून कळलं. तुम्ही ताडपत्री घेऊन आलात, पाठोपाठ पहारी आणि पाइपचे तुकडे घेऊन शेजारच्या वर्कशॉपमधली पोरं आली. पाइपवरून सरकवत, मागचा पाइप काढून पुढे घालत, तो लेथ तुम्ही सगळ्यांनी बोळातून आत नेला. त्यातल्या अर्ध्या पोरांची नावं मला तेव्हा माहीत नव्हती. एकानेही पैशासाठी हात पुढे केला नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमची मास्टर लेव्हल, मशिनची पातळी बघायचं हत्यार, घेऊन आलात. ती पेटी तुम्ही कुणाला हात लावू देत नाही, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. मीटरला दोन शतांश मिलिमीटरचा फरक दाखवणारं ते नाजूक हत्यार तुम्ही फ्लॅनेलमधून काढलंत, बेडवर ठेवलंत आणि बुडबुडा थांबेपर्यंत कुणाला जवळून चालू दिलं नाहीत. बेडला जरा पीळ राहिला तर जॉब एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक निघतो, हे बाबांनाही माहीत होतं. पण इतक्या शांतपणे एकेक बोल्ट पाव-पाव फेरा फिरवताना त्यांनी फार कमी लोकांना पाहिलं होतं. एक दिवस बसू दे म्हणालात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा स्वतःहून येऊन तपासलंत. मग एक बार लावून कट मारला, दोन्ही टोकांना मायक्रोमीटर धरला. बाबा तुमच्याकडे बघून फक्त मान हलवत राहिले. तोंडून शब्द फुटत नव्हता.

हे सगळं मोठं होतं. पण माझ्या मनाला सर्वांत जास्त भिडलंय ते वेगळंच, आणि तुम्हाला त्यात काही विशेष वाटलं नसेल.

दसऱ्याच्या आधी तुम्ही दर्शनी भिंतीला नवा रंग दिला होता. बोर्ड रंगवायला पेंटर आला होता. तुमचा पोरगा आमच्याकडे धावत आला, "पप्पांनी कार्ड मागितलंय" म्हणाला. कशाला ते त्यालाही सांगता येईना. मी कार्ड दिलं आणि कामाला लागले. दुपारी बाहेर येऊन बघते तर तुमच्या कोऱ्या भिंतीवर, रस्त्यावरून येणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल अशा जागी, आमच्या फर्मचं नाव लिहिलेलं. खाली बाण, आणि "मागील बोळात, दुसरा गाळा". अक्षरं निळ्या रंगात, तुमच्या नावाच्याच उंचीची. तुमचा स्वतःचा बोर्ड अजून लिहायचा राहिला होता. आधी आमचं लिहून घेतलं होतं.

मी पैशांचं विचारलं तर म्हणालात, "भिंत रिकामीच हुती की."

बाबा रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी ते नाव मोठ्याने वाचलं. माझ्या आजीचं नाव आहे ते. साकीनाक्याला आमचा बोर्ड तिसऱ्या मजल्यावरच्या अंधाऱ्या पॅसेजमध्ये होता. उघड्या रस्त्यावर, उन्हात ते नाव आमच्यापैकी कुणी कधीच पाहिलं नव्हतं.

तोपर्यंत कुरिअरवाले "पत्ता सापडत नाही" म्हणून परत जायचे, टेम्पोवाले बोळाच्या तोंडाशी माल टाकायला बघायचे. त्या दिवसानंतर ते थांबलं. पण मी म्हणतेय ते याबद्दल नाही. उद्यमनगरात तुमच्या भिंतीवर एखाद्याचं नाव असणं म्हणजे काय, हे मला हळूहळू कळलं. एका फाउंड्रीवाल्यांनी पहिल्याच ऑर्डरला उधारीवर कास्टिंग दिली. मी विचारलं, आमची ओळख नसताना कसं काय? ते म्हणाले, "मेस्त्रींच्या भिंतीवर हाय न्हवं तुमचं नाव." आम्ही जर खराब माल दिला असता, उधारी बुडवली असती, रातोरात शटर ओढून निघून गेलो असतो, तर बोट तुमच्याकडे वळलं असतं. हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. आम्हाला येऊन तेव्हा कितीसे दिवस झाले होते? आमचा एकही जॉब तुम्ही पूर्ण झालेला पाहिला नव्हता. ज्यांच्याशी आमचा वीस वर्षांचा व्यवहार होता त्यांनी बिल अडवलं, आणि तुम्ही आयुष्यभर सांभाळलेली पत आम्हाला अशी देऊन टाकलीत.

आमच्याबरोबर साकीनाक्याहून आलेल्या दोन कारागिरांचंही लिहायला हवं. दोघं उत्तर प्रदेशातले. खोली बघायला गेले की आधी "कुठले?" आणि मग "रिकामी नाही". तुम्ही त्यांच्याबरोबर गेलात, घरमालकाच्या ओट्यावर बसलात आणि "माझी माणसं हायत" म्हणालात. त्यातला एक परवा मला सांगत होता, मुंबईत इतकी वर्षं काढली, पण माझ्यासाठी कुणी असं कुणाच्या दारात जाऊन बसलं नव्हतं. अशी माणसं प्रत्येक गावात थोडी तरी असतात म्हणूनच बाहेरून आलेल्यांचे धंदे उभे राहतात. सवलती, योजना, कागद लागतातच. पण नव्या गावातल्या पहिल्या काही आठवड्यांत त्यातलं काहीही रात्री भर पावसात ताडपत्री घेऊन येत नाही. परक्याला आधी आपलं म्हणायचं आणि त्याची पारख मागाहून करायची, याला केवढं धाडस लागतं! तुमच्या पिढीतल्या कोल्हापूरच्या कारागिरांत मी ते पुन्हा पुन्हा पाहतेय. ज्या पोरांनी पहारी लावल्या त्यांच्यातही पाहिलं.

आता कास्टिंगमध्ये ब्लोहोल निघालं की आमचा माणूस ती स्कूटरवर घालून फाउंड्रीत नेऊन दाखवतो आणि संध्याकाळपर्यंत निकाल लागतो. बाबांचा हिशोब खरा ठरला. ते सकाळी तुमच्या आधी येऊन शटर उघडायला बघतात, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

भिंतीवरची आमची अक्षरं या पावसाळ्यात थोडी उडालीत. पेंटरशी मी बोललेय, तो पुढच्या आठवड्यात येतोय. या वेळी अख्ख्या भिंतीचा रंग आमच्याकडून, आणि तुमचा बोर्ड आधी लिहायचा, असं त्याला बजावलंय. काकूंचा होकार घेऊन झालाय, तेव्हा तुम्ही नाही म्हणू नका. खंडेनवमीला मशिनची पूजा आहे. नारळ तुमच्या हातून वाढवायचा आणि मग दोघांनी आमच्याकडे जेवायला थांबायचं, असा बाबांचा निरोप आहे.

आपली,
मागच्या बोळातली, दुसऱ्या गाळ्यातली