सेंट अँड्र्यूजची जुनी वर्णने : मित्रास पत्र

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सेंट अँड्र्यूज या गावाविषयी जुन्या लोकांनी काय लिहून ठेवले आहे, असे तू विचारले होतेस. ही वर्णने वाचता वाचता माझे असे मत झाले आहे की, बाहेरून आलेल्या विद्वानांच्या नजरेत तेथील पडके कॅथीड्रल, म्हणजे बिशपचे मुख्य चर्च, भरले; त्याच्या सावलीत राहणारी माणसे मात्र फार थोड्यांनी पाहिली.

सुरुवात नकाशापासून करावी. जॉन गेडी याने १५८० च्या सुमारास काढलेल्या चित्रवजा नकाशात पूर्वेकडे कॅथीड्रलच्या दिशेने एकत्र येत जाणारे तीन मोठे रस्ते, घरांमागच्या लांबट बागा, किल्ला आणि बंदर असे सारे गाव पक्ष्याच्या नजरेतून दिसते. कॅथीड्रलचे बांधकाम ११६० च्या सुमारास सुरू झाले आणि १३१८ साली रॉबर्ट ब्रूस राजाच्या उपस्थितीत त्याचे पवित्रीकरण झाले. सुमारे ११९ मीटर लांबीची ही वास्तू स्कॉटलंडमधील सर्वांत मोठे चर्च होती. १५५९ साली प्रोटेस्टंट धर्मसुधारक जॉन नॉक्स याच्या प्रवचनांनंतर जमावाने आतील मूर्ती आणि वेद्या उद्ध्वस्त केल्या. पुढे छप्पर गेले आणि तिचे दगड गावकऱ्यांच्या घरांना लागले.

इंग्रज लेखक व कोशकार सॅम्युएल जॉन्सन आणि त्याचा स्कॉटिश मित्र व चरित्रकार जेम्स बॉझवेल ऑगस्ट १७७३ मध्ये तेथे पोहोचले तेव्हा हे घडून दोन शतके लोटली होती. जॉन्सनने लिहिले की गावाचा एक रस्ता नाहीसाच झाला आहे आणि उरलेल्या रस्त्यांवर निरुद्योगी दारिद्र्याची शांतता पसरली आहे. १४१३ साली पोपची सनद मिळालेल्या विद्यापीठात तेव्हा विद्यार्थी शंभराहून अधिक नव्हते. सेंट लेनर्ड्स कॉलेज बंद झाले होते आणि त्याच्या प्रार्थनामंदिरात झुडपे लावून पाहण्याचा प्रयोगही फसला होता. नॉक्सला कोठे पुरले आहे, असे बॉझवेलने विचारताच, भर रस्त्यात पुरले असावे अशी आपली आशा आहे, असे जॉन्सन संतापून म्हणाला.

त्याचा संताप मला समजतो, पण त्याचे निदान मला अपुरे वाटते. १६८९ साली स्कॉटलंडच्या चर्चमधील बिशपांची सत्ता संपली आणि आर्चबिशपच्या पीठामुळे गावाला जे महत्त्व होते तेही गेले. १६९७ मध्ये तर विद्यापीठच पर्थला हलवण्याची बोलणी चालली होती. १७०७ मध्ये इंग्लंडशी एकीकरण झाल्यावर अटलांटिकपलीकडचा व्यापार वाढला, त्याचा लाभ पश्चिमेकडील ग्लासगोला झाला आणि हॉलंड व बाल्टिकशी व्यवहार करणारी पूर्वेची जुनी बंदरे मागे पडली. एवढ्या कारणांचा भार एकट्या नॉक्सच्या माथी मारता येत नाही.

तरीही याच जॉन्सनने एक गोष्ट टिपली, त्याबद्दल मी त्याचा फार ऋणी आहे. त्या भग्नावशेषांतील एका तळघरात एक म्हातारी राहत होती. तिच्या नवऱ्याचे घराणे चार पिढ्या तेथेच नांदले होते आणि नवऱ्याचे आडनाव ब्रूस असल्याने ती राजघराण्याशी नाते सांगत असे. सूत कातते, सोबतीला मांजर आहे आणि आपला कोणाला उपद्रव नाही, असे तिने बॉझवेलला सांगितले. तिचे नाव मात्र त्या वर्णनात नाही, याची हळहळ मला अजून वाटते.

पुढे सर जॉन सिंक्लेअर यांनी प्रत्येक पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील वस्तीच्या, पाद्र्याला दीडशेहून अधिक प्रश्नांची यादी पाठवली आणि १७९१ ते १७९९ या काळात देशभरच्या उत्तरांचे एकवीस खंड छापले. लोकसंख्या, पिके, मासेमारी, मजुरी, शाळा आणि गरिबांना मिळणारी मदत, असा सारा संसार त्यांत आहे. उत्तरे देणारा माणूस वर्षानुवर्षे तेथेच राहत असल्यामुळे, भाषा रुक्ष असली तरी, आठ दिवसांच्या पाहुण्याला न दिसणारे बरेच काही त्यात दिसते.

आसपासच्या फाइफ प्रांताविषयी, भिकाऱ्याच्या झग्याला सोन्याची किनार, असे एक वचन सहाव्या जेम्स राजाच्या नावावर सांगितले जाते. ही किनार म्हणजे क्रेल, अँस्ट्रदर, पिटनवीम आणि सेंट मोनन्स ही बंदरे; त्यांच्यासमोरील मे बेटावर १६३६ साली कोळशाच्या आगीवर चालणारे स्कॉटलंडमधील पहिले दीपगृह उभे राहिले.

१८४० च्या दशकात वर्णनाचे साधनच बदलले. डॉ. जॉन अ‍ॅडमसन यांनी १८४१ मध्ये स्कॉटलंडमधील पहिले कॅलोटाइप (कागदावरील छायाचित्रणाची जुनी पद्धत) व्यक्तिचित्र याच गावात घेतले, आणि त्यांचे बंधू रॉबर्ट यांनी डेव्हिड हिल यांच्यासह घेतलेल्या छायाचित्रात कोळीवाड्यातील माणसे दोरांच्या गळांना आमिष लावत बसलेली दिसतात. त्याच सुमारास, १८४२ मध्ये, बंगालच्या तोफखान्यातून परतलेले ह्यू लायन प्लेफेअर प्रोव्होस्ट, म्हणजे नगराध्यक्ष, झाले आणि त्यांनी रस्त्यांवरचे उकिरडे हटवून फरसबंदी केली. आपल्याकडचा धागा शोधशील तर येथेच शिकलेले मिशनरी रॉबर्ट नेस्बिट १८२७ साली मुंबईला आले आणि मराठीवरील प्रभुत्वासाठी ओळखले गेले.

गेडीचा नकाशा स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने इंटरनेटवर ठेवला आहे. तो आधी उघड, त्यातील रस्ते नीट पाहून घे आणि मगच जॉन्सन वाचायला घे. त्या म्हातारीपाशी पोहोचलास की तुझे मत मला सविस्तर कळव. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
अनिरुद्ध