‘आणि’ला कात्री कशासाठी?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या भाषेच्या सदरात ‘एका वाक्यात एकच आणि’ असा फतवा निघाला आणि साक्षीला थेट सीझरला उभं केलं. इ. स. पू. 47 मध्ये झेलाची लढाई मारल्यावर तो ‘आलो, पाहिलं, जिंकलं’ म्हणाला, हे खरंच. पण मोहीम किती झटपट उरकली याचीच त्याला बढाई मारायची होती, म्हणून अव्ययाला फाटा दिला. निफाडच्या द्राक्ष बागायतदाराला कसली घाई दाखवायची आहे?

आपल्या उपसंपादकांनी मात्र हा फतवा निघण्याआधीच अमलात आणलेला दिसतो. अवकाळीवरच्या माझ्या पत्रात वाक्य होतं : ‘पाऊस झाला आणि घड भिजले आणि मणी तडकले आणि व्यापारी फिरकला नाही.’ छापून आलं : ‘पाऊस झाला, घड भिजले, मणी तडकले आणि व्यापारी फिरकला नाही.’ झाला पंचनामा! मूळ वाक्यात दर ‘आणि’पाशी वाटतं, आता तरी संपेल, आणि संपत नाही. नेमकं तेच कापलं गेलं. बरं, आटोपशीरपणाच हवा होता तर शेवटचा ‘आणि’ही काढायचा होता. चार तुकडे नुसते ठेवले असते तरी धार आली असती. हे धड ना इकडचं, ना तिकडचं.

दिसेल तिथे ‘आणि’ पेरा, असं कोण म्हणतंय? तीन-चार पुरे, पुढे कान विटतो. तुकडे छोटे नि एकाच घडणीचे हवेत. ‘घड भिजले’च्या पाठोपाठ ‘मणी तडकण्याचे प्रमाण वाढल्याचे दिसून आले’ आलं की ठेका मोडलाच. सगळ्यांत जड तुकडा शेवटी. मध्येच चवीपालट म्हणून ‘व’ घालू नये : तो आधीच्या शब्दाला चिकटून बुडतो, शिवाय बोलताना कुणाच्या तोंडी येत नाही. भाषणात थांबायचं ते ‘आणि’च्या आधी. नंतर थांबलं की वक्ता पुढचा मुद्दा शोधतोय, हे मागच्या रांगेलाही कळतं. (प्रभागातल्या सभांत हे सांगणार कोण?)

कात्री चालवायचीच तर सरकारी सूचनांवर चालवा. ‘आधार किंवा पॅन आणि वीजबिल आणावे’ असं आपण जसंच्या तसं छापता. आधारवाल्याने वीजबिल आणायचं की नाही, हे त्याला खिडकीवर पोचल्यावर कळतं. ‘आधार किंवा पॅन यांपैकी एक, शिवाय वीजबिल’ इतकं लिहिलं तरी एकेकाचा हेलपाटा वाचेल.

जाता जाता : वाचकांच्या पत्रांचा टाइप हल्ली इतका बारीक केलाय की आपलंच पत्र भिंग घेऊन वाचावं लागतं. त्याच पानावरची चष्म्याची जाहिरात मात्र हातभर लांबून दिसते.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक