कशिद्यातले निरोप

तीर्थरूप आई आणि बाबा यांना छोटीचा शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की आई जेवणाचे विचारू लागते आणि बाबा गप्प होतात, म्हणून सविस्तर लिहीत आहे. मी नोकरीचा राजीनामा दिला असून तो मंजूरही झाला आहे. आता वर्षभर घरी बसून कादंबरी पूर्ण करणार आहे. भाड्याचे आणि डब्याचे पैसे वेगळे काढून ठेवले आहेत, विम्याचा हप्ता भरलेला आहे. डबा देणाऱ्या काकू लातूरकडच्या असल्यामुळे रोज ज्वारीची भाकरी मिळते, शिवाय आईने दिलेला काळा मसाला अजून संपलेला नाही. तुम्ही कष्टाने दिलेले शिक्षण कुठेही जात नाही. गरज पडली तर नोकरी पुन्हा शोधता येईल.

कादंबरीतले राज्य काल्पनिक आहे. तिथे बायकांना लिहिण्याची बंदी असल्याने त्या साडीच्या काठावर कशिदा काढून गुप्त निरोप धाडतात. बाबा, हे पोरकट वाटेल. पण दुसऱ्या महायुद्धात क्रीटमध्ये पकडले गेलेले ब्रिटिश अधिकारी ॲलेक्सिस कॅस्डाग्ली यांनी 1941 साली जर्मनांच्या कैदेत असताना एक भरतकाम केले आणि त्याच्या चौकटीत मोर्सच्या ठिपक्या-रेघांनी आपल्या राजाचा जयघोष व हिटलरला शिवी गुंफली. जर्मनांनी ते कौतुकाने छावण्यांत टांगले, मजकूर मात्र त्यांच्या ध्यानातच आला नाही. तुमच्यासारखा तारबाबू तिथे असता, तर उभ्याउभ्या वाचून मोकळा झाला असता.

माझ्या राज्यातली विद्या मात्र आईची आहे. चौकीवरचा शिपाई गाठ शोधायला कापड उलटून पाहतो, आणि कसुतीच्या भरतकामाला तर गाठच नसते. दोन्ही बाजू सारख्या. आखणी न करता, धागे मोजून आई इरकलीवर तुळशीवृंदावन काढायची, तसेच तिथल्या बायका काढतात. निरोप मुरगीच्या, म्हणजे कसुतीतल्या जिन्यासारख्या टाक्याच्या, पायऱ्यांत असतो: पायरी एका घराची की दोन घरांची, एवढाच फरक, आणि मोजणी कोणत्या वृंदावनापासून सुरू करायची हे फक्त घेणारीला माहीत. लिहिताना लक्षात आले की अशाने एका वाक्याला अख्खा काठ पुरणार नाही. तेव्हा बाबांच्या शुभेच्छा-तारा आठवल्या. लग्नसराईत लोक ठरलेल्या मजकुराचा नुसता क्रमांक निवडायचे आणि पलीकडच्या तारघरात त्याचे पूर्ण वाक्य व्हायचे. माझ्या बायकांनीही वाक्यांना क्रमांक दिले आहेत, त्यामुळे ‘पूल तोडला, नदीकडून येऊ नका’ हा निरोप चार-पाच पायऱ्यांत मावतो. 15 जुलै 2013 रोजी तारसेवा बंद झाली, त्या दिवशी तुम्ही जेवला नव्हता. ते सगळे वाया गेले नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

आई, तुझ्या मांडीवर डोके ठेवून मी रिळाचे दोरे गुंतवायचे आणि तू रागावण्याऐवजी हसायचीस. मोठ्या आईच्या त्या इरकलीविषयी मी पुस्तकात एक अक्षरही लिहिलेले नाही, याची खात्री बाळग.

आता ऐक. मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहण्याचे दिवस गेले, दिवाळीआधी शस्त्रक्रिया करायचीच. तोवर रात्री सुई हातात घ्यायची नाही. त्याआधी साखर तपासायची आहे, ते काम बाबांचे. बाबांनीही स्वतःच्या गोळ्या चुकवू नयेत आणि उन्हात गाडी घेऊन भालकीला एकट्याने जाऊ नये. तिकडच्या पाहुण्यांनी माझ्याविषयी विचारले तर मुलगी रजेवर आहे असे सांगितले तरी मला वाईट वाटणार नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी मी येऊन राहणार आहे, आणि आता तर रजाही मागावी लागणार नाही. डोळ्यांत थेंब घालण्याचे काम माझे. आईला नीट दिसू लागले की मुरगीच्या पायऱ्यांचे प्रकरण तिने टाके घालून तपासावे आणि क्रमांकांची यादी बाबांनी, कारण त्यात दोन वाक्यांचा घोळ होतो अशी मला शंका आहे.

तुमची,
छोटी