हीटिंग मॅटने आमची भुरी भाजली, त्याबाबत तक्रार

त्रिमूर्तीनगर, नागपूर
१२ जानेवारी २०२६

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : थर्मोस्टॅटने वीज न तोडल्यामुळे पाळीव सापाला झालेली इजा

महोदय,

आपल्या कंपनीची १६ वॅटची हीटिंग मॅट आणि सोबतचा थर्मोस्टॅट मी नोव्हेंबरात ३,४५० रुपयांना घेतला. बिल सोबत जोडलं आहे. नागपूरला डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा अंशांच्या खाली उतरतो आणि आमच्या भुरीला, म्हणजे पाच वर्षांच्या बॉल पायथन मादीला, टाकीची एक बाजू तरी ३१-३२ अंशांवर लागते. त्यासाठीच ही खरेदी होती. महिनाभर सगळं नीट चाललं.

६ जानेवारीला, मंगळवारी, सकाळी साडेसहाला मी पाणी बदलायला टाकी उघडली. भुरी मॅटच्या बाजूला वेटोळं करून पडली होती. तिला उचलताना हाताला काचेचा चटका बसला. थर्मोस्टॅटवर सेटिंग ३२ होतं आणि आकडा दिसत होता ४६.८. मॅट चालू असल्याचा दिवा विझलेला होता, पण मॅट तापतच होती. म्हणजे टाकी जास्त तापली हे आपल्या यंत्राला कळत होतं, वीज तोडल्याचंही ते सांगत होतं, आणि वीज तुटलीच नव्हती. भोंगा नाही, काही नाही.

त्या वेळी भुरीच्या पोटावर फक्त गुलाबी झाक होती. मला वाटलं, थोडक्यात निभावलं. संध्याकाळपर्यंत शेपटीच्या वर वीतभर पट्ट्यातले पोटाचे खवले पिवळट-तपकिरी झाले, आणि दुसऱ्या दिवशी त्यातल्या चार खवल्यांखाली पाणी भरलेले फोड आले. बोट टेकवलं की ती अंग आखडून घ्यायची. पाच वर्षांत तिने माझ्या हाताखाली असं कधी केलं नव्हतं.

डॉक्टरांनी सलाइनने जखम धुतली, सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम दिलं आणि अँटिबायोटिक सुरू केलं. इंजेक्शन अंगाच्या पुढच्या भागातच द्यायचं असतं, कारण मागच्या भागातलं रक्त आधी मूत्रपिंडाकडे जातं. १,१४० ग्रॅम वजनावर डोस काढून ते कसं टोचायचं हे मी शिकून घेतलं आहे. एक दिवसाआड मी तिला धरते आणि नवरा सुई देतो. टाकीतला भुसा काढून आता साध्या कागदावर ठेवली आहे, नाहीतर कण जखमेत जातात. आतापर्यंत २,८०० रुपये खर्च झाला.

आपल्या ग्राहक सेवेत फोन केला तेव्हा मला ऐकवण्यात आलं, "मॅडम, साँप को खुद ही हट जाना चाहिए था." हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही. भुरीने रविवारी उंदीर खाल्ला होता आणि खाल्लेलं पचवायला सापाला ऊब लागते, म्हणून ती तिथे बसली होती. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणारे खळगे असतात, अंधारात उंदीर कुठे आहे ते तिला त्यावरून कळतं. तरीही खालून पोट भाजत असताना साप जागचा हलत नाही असं कितीतरी वेळा होतं. मॅटने आणि तापलेल्या कृत्रिम दगडांनी भाजलेले साप पशुवैद्यांना नवे नाहीत. जी कंपनी सापांसाठी मॅट विकते तिला हे ठाऊक असायलाच हवं. थर्मोस्टॅट त्यासाठीच तर असतो.

त्याच माणसाने पुढे विचारलं, साप पाळणं कायदेशीर आहे का. नाग, धामण, आपला अजगर यांना पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. असे परदेशी प्राणी पाळणाऱ्यांसाठीच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे भुरीची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी केलेली आहे. आपल्या खोक्यावर याच जातीच्या सापाचा फोटो छापला आहे.

दोष मॅट लावण्यात होता असं कोणी म्हणू नये म्हणून माझ्या भावाने, तो इलेक्ट्रिशियन आहे, थर्मोस्टॅटच्या सॉकेटला साधा बल्ब जोडून पाहिला. सेटिंग २०, खोलीत २४, आणि बल्ब पेटलेलाच. आतला रिले, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा स्विच, चिकटला असावा असं त्याचं म्हणणं. यंत्र आम्ही उघडलेलं नाही, व्हिडिओ काढून ठेवला आहे.

आपण मॅटचे पैसे परत देऊ केलेत. तेवढ्यावर मी हे सोडणार नाही. उपचाराचा सगळा खर्च द्या आणि या बॅचचे थर्मोस्टॅट ज्यांनी ज्यांनी घेतले त्यांना आजच कळवा. रात्री मॅट लावून निवांत झोपणारी माझ्यासारखी आणखी माणसं असतील. रिले चिकटू शकतो ही सूचना माहितीपत्रकात मराठी-हिंदीत छापा, आता तिथे इंग्रजीत चार ओळी आहेत आणि त्यात हा धोका नाही. सदोष वस्तूने किंवा अपुऱ्या सूचनांमुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी उत्पादकावर येते, असं २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा सांगतो. त्या कायद्यापुढे भुरी माझी मालमत्ता ठरते. मला हा शब्द आवडत नाही, पण पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर त्याच शब्दाने जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करेन.

एका गोष्टीला मात्र पंधरा दिवस लावू नका. थर्मोस्टॅटने वीज तोडली नाही तर ही मॅट जास्तीत जास्त किती तापते, आणि त्या तापमानाला पोचायला तिला किती वेळ लागतो? खोक्यावर फक्त वॅट लिहिलेत. भाजणं किती खोल गेलं असेल याचा अंदाज बांधायला डॉक्टरांना हे आकडे हवे आहेत. शुक्रवारी, १६ तारखेला, भुरीला पुन्हा दाखवायचं आहे. गुरुवारपर्यंत फोन करून तेवढं तरी कळवा.

आपली ग्राहक

सोबत : बिल, जखमेचे रोजचे फोटो, बल्बचा व्हिडिओ, दवाखान्याच्या पावत्या