मैदानाचा नकाशा मुकादमाच्या हातात द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की झाडांच्या छाटणीच्या बातम्या येतात आणि तो सरून हवा कोरडी झाली की दादरच्या शिवाजी पार्कच्या लाल धुळीच्या. अलीकडे या दोन्हींवर उपाय म्हणून ‘डिजिटल मॅपिंग’चे नाव घेतले जाते. उपाय योग्य आहे. पण त्याचा अर्थ अनेकदा कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावरचा रंगीत नकाशा एवढाच घेतला जातो. मैदानाची देखभाल ठरते ती सकाळी सात वाजता, मुकादम कोणत्या माळ्याला कुठे पाठवतो त्यावर. तो निर्णय ज्या नकाशावरून घेता येत नाही, त्यावर झालेला खर्च वाया गेला असे आम्ही मानतो. नकाशे आणि उद्यान देखभाल या दोन्ही कामांत असलेल्या आम्हा काही जणांना त्याविषयी नेमकेपणाने लिहावेसे वाटते.

मुंबईत नोंदी नाहीत असे मुळीच नाही. १९७५च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमानुसार दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची असते आणि महापालिकेच्या गणनेत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे जीपीएसच्या साहाय्याने मोजली गेली आहेत. हे मोठेच काम आहे. पण पाच वर्षांत झाड वाकते, पोखरते, कुणीतरी त्याच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट आणून भिडवतो. देखभालीला रोज उघडली जाणारी नोंदवही लागते आणि ती वेगळ्या पद्धतीने बांधावी लागते.

सॉफ्टवेअरवर पैसे घालायची गरज नाही. क्यूजीआयएस हे नकाशे बनवण्याचे मुक्त सॉफ्टवेअर फुकट मिळते, साध्या लॅपटॉपवर चालते, आणि एका वॉर्डातल्या सगळ्या मैदानांना पुरून उरते. त्याच्या जोडीचे क्यूफील्ड हे मोबाइल ॲप नेटवर्क नसतानाही चालते. खरा खर्च हद्द मोजण्याचा आणि माणसे शिकवण्याचा, आणि नेमका तोच निविदांमध्ये कमी धरला जातो.

सुरुवात हद्दीपासून करावी. विकास आराखडा २०३४ मधली आरक्षणाची रेषा, मिळकत पत्रिकेवरची हद्द आणि जागेवरची भिंत या तिन्ही क्वचितच एकमेकींवर बसतात. तिन्ही नकाशाच्या वेगवेगळ्या थरांत (लेयरमध्ये) ठेवाव्यात. देखभालीसाठी भिंतीची रेषा वापरावी, अतिक्रमणाच्या चौकशीसाठी उरलेल्या दोन. एकच रेषा ‘दुरुस्त’ करत बसले की पुढच्या वर्षी कोणती खरी होती ते कुणालाच सांगता येत नाही. कोपरे पक्के घ्यायचे असतील तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स केंद्रांच्या (उपग्रहावरून केलेल्या मोजमापातली चूक कळवणाऱ्या कायमच्या केंद्रांच्या) आधारे आरटीके उपकरणाने, म्हणजे ती चूक जागच्या जागी दुरुस्त करणाऱ्या जीपीएसने, मोजावेत. काही सेंटिमीटरपर्यंत अचूकता मिळते. मैदानामागे दहा-बारा कोपरे असले तरी हे अर्ध्या दिवसाचे काम आहे.

क्षेत्रफळाच्या बाबतीत एक चूक वारंवार होते आणि ती थेट पैशांची असते. वेबवरचे बहुतेक नकाशे ज्या प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या पद्धतीत) असतात, त्यात विषुववृत्तापासून दूर जाऊ तशी जमीन फुगत जाते. मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे लांबी जवळपास ६ टक्क्यांनी आणि क्षेत्रफळ जवळपास १२ टक्क्यांनी जास्त येते. म्हणजे २०,००० चौरस मीटरचे मैदान कागदावर २२,४०० होते. गवत कापण्याचा दर चौरस मीटरवर असतो, तेव्हा महापालिका नसलेल्या २,४०० चौरस मीटरचे पैसे दर फेरीला देत राहते. उपाय साधा आहे. प्रकल्पाची निर्देशांक पद्धत यूटीएम झोन ४३ उत्तर (मुंबई ज्या पट्ट्यात येते त्याचे मीटरमधले प्रक्षेपण), म्हणजे सॉफ्टवेअरच्या यादीतला क्रमांक ईपीएसजी ३२६४३, ठेवायची. क्यूजीआयएसमध्ये क्षेत्रफळ काढणारी दोन फंक्शने आहेत हेही लक्षात ठेवावे: डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारे पृथ्वीचा आकार धरून मोजते, दुसरे नकाशा सपाट कागद मानून मोजते. निविदेत आकडा घालण्यापूर्वी मैदानाची एक बाजू टेपने मोजून ताळा करावा.

हद्द झाली की मैदानाचे तुकडे पाडायचे. आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि तीच गाळली जाते. ‘मैदान’ हे देखभालीचे एकक होऊ शकत नाही. शिवाजी पार्कच पाहा. सुमारे २८ एकरांच्या त्या मैदानात क्रिकेटच्या खेळपट्ट्या आहेत, मोकळी लाल माती आहे, कडेने झाडे आणि कट्टा आहे, नाना-नानी पार्क आहे. खेळपट्टीला पाणी आणि रोलर हवा, मोकळ्या मातीला हरळी आणि फवारा, कट्ट्याला झाडू. तेव्हा ज्या जागेला एकाच प्रकारची निगा लागते तिचा एक पॉलिगॉन (नकाशावरची बंद आकृती) करावा. साधारण हजार चौरस मीटरपर्यंतचा तुकडा दोन माळ्यांच्या आवाक्यात राहतो. प्रत्येक तुकड्याला कायमचा क्रमांक द्यावा, उदाहरणार्थ ‘जी उत्तर-०१४-०३’: वॉर्ड, मैदान, तुकडा. एक्सेलमधल्या ओळीचा क्रमांक ओळख म्हणून वापरला तर वर्णक्रम लावताच सगळे विस्कटते.

तुकडे हाताशी आले की पाण्याचा हिशेब आपोआप बसतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. नुसती धूळ बसवायला दोन मिलिमीटर पाणी शिंपडायचे म्हटले तरी एकराला ८ हजार लिटर लागतात. २८ एकरांना सव्वादोन लाख लिटरांहून जास्त, म्हणजे दहा हजार लिटरचे २२-२३ टँकर, आणि तेही एका वेळेला. मोकळ्या मातीचे तुकडे नकाशावर वेगळे काढले की हे पाणी फक्त तिथेच मागता येते. हरळी लावलेल्या तुकड्याला उन्हाळ्यात रोज चार-पाच मिलिमीटर लागते. पण ती एकदा धरली की तिथली माती उडत नाही. कुठे पाणी मारत राहायचे आणि कुठे गवत वाढवायचे हे असे आकडे समोर असले तरच ठरवता येते.

आता झाडे. साध्या मोबाइलचा जीपीएस उघड्यावर तीन ते पाच मीटर चुकतो. पर्जन्यवृक्षाच्या दाट सावलीत किंवा उंच इमारतींच्या मध्ये तो दहा मीटरपेक्षाही जास्त चुकतो, कारण सिग्नल भिंतींवर आपटून येतो. मग भिंतीच्या आतला गुलमोहर नकाशावर रस्त्यापलीकडच्या सोसायटीत उगवतो. अशा वेळी टेप बाहेर काढावी. समजा फाटकाच्या खांबापासून झाड १४.२ मीटर आहे आणि भिंतीलगतच्या दिव्याच्या खांबापासून ९.६ मीटर. नकाशावर त्या दोन खांबांभोवती त्या त्या त्रिज्येची वर्तुळे काढायची. ती दोन जागी छेदतात, एक छेद भिंतीच्या आत, एक बाहेर. आतला छेद म्हणजे झाड. दोन माणसांना याला दोन मिनिटे लागतात. जात, बुंध्याचा घेर (जमिनीपासून सुमारे १.३७ मीटरवर), उंची, झुकाव, पोकळी, अळंबी आणि दोन फोटो हे सगळे धरून झाडामागे पाच मिनिटे, म्हणजे एका जोडीला दिवसात शंभराच्या आतच झाडे होतील. कुणी दिवसाला पाचशेचा वायदा केला तर तो ऑफिसात बसून उपग्रहाच्या चित्रावर टिंबे देणार आहे असे खुशाल समजावे.

माहिती भरताना हाताने टाइप करू देऊ नये. ‘गुलमोहर’, ‘गुलमोहोर’ आणि इंग्रजी स्पेलिंग अशी एकाच झाडाची तीन झाडे होतात आणि ‘गुलमोहर किती’ याला उत्तर मिळत नाही. जाती, स्थिती, धोक्याची पातळी यांच्या निवड-याद्या फॉर्ममध्येच बांधाव्यात. फोटो ॲपमधूनच काढायला लावावा, गॅलरीतून घेऊ देऊ नये. नाहीतर मागच्या वर्षीचे हिरवे गवत यंदाच्या बिलाला जोडले जाते. फोटोची लांब बाजू बाराशे पिक्सेलवर आणली तर सिंक (मोबाइलवरची माहिती मुख्य संगणकावर चढवणे) अडकत नाही.

फाइलच्या प्रकाराबद्दल मराठीत काम करणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. अजूनही पुष्कळ कंत्राटदार शेपफाइल, म्हणजे नकाशाची माहिती साठवण्याचा जुना फाइल-प्रकार, देतात. तिच्यात रकान्याच्या नावाला दहा बाइटच मिळतात आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते. ‘लागवड दिनांक’ असे नाव दिले तर ‘लाग’ उरते. शेजारच्या रकान्याचे नाव ‘लागण’ असेल तर त्याचेही ‘लाग’च होते. मग लागवडीची तारीख कुठली आणि किडीची लागण कुठली, हे ओळखायचे कसे? त्याऐवजी जिओपॅकेज हा नवा प्रकार वापरावा, एकच फाइल, मराठी शाबूत, नावांवर अशी मर्यादा नाही.

आता नोंदवहीची बांधणी. तीन तक्ते हवेत: वस्तू (झाड, बाक, दिवा, नळ, झोपाळा, कॅचपिट म्हणजे पावसाचे पाणी वाहिनीत जाण्याआधी गाळ अडवणारा खड्डा), पाहणी आणि काम. एका झाडाच्या दहा पाहण्या झाल्या तर दहा ओळी झाल्या पाहिजेत. जुन्या पाहणीवर नवी लिहिली की झाड कधीपासून कलत होते याचा पुरावा पुसला जातो. पडलेले झाडही पुसू नये. त्याची स्थिती ‘काढले’ करून तारीख घालावी, म्हणजे त्या जागी पुनर्रोपण झाले की नाही हे पाहता येते. दोन मुकादमांनी एकाच फाइलच्या दोन प्रती घेऊन दिवसभर काम केले आणि संध्याकाळी एकीवर दुसरी चढवली, तर एकाचा दिवस बुडतो. प्रत्येकाला त्याचेच तुकडे उघडतील अशी विभागणी करावी, आणि रोज एकाच माणसाने नोंदी एकत्र कराव्यात.

एवढे केल्यावर मिळते काय? फेब्रुवारीत या नकाशाला एक साधी विचारणा करता येते. प्रत्येक झाडाभोवती त्याच्या उंचीएवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढा. त्या वर्तुळात बाक, खेळणी, चालण्याची वाट किंवा फाटक येते का ते पाहा. त्यातली झुकाव किंवा पोकळी नोंदलेली झाडे वेगळी काढा. शेकडो झाडांतून आधी पाहायची मोजकी झाडे समोर येतात. वृक्ष प्राधिकरणाकडचे परवानगीचे अर्ज मार्चमध्ये जाऊ शकतात आणि छाटणी मेअखेर संपते. सरसकट सगळ्या फांद्या बोडक्या करण्याची वेळ येत नाही. सरसकट छाटणीने झाड जखमांतून कुजते आणि पुढच्या काही पावसाळ्यांत जास्त धोकादायक होऊ शकते.

जुलैत दुसरे काम करावे. जोराचा पाऊस थांबून चोवीस तास झाल्यावर जिथे पाणी साचलेले असेल त्याच्या कडेने खुंट्या ठोकून टेपने मोजून पॉलिगॉन काढावा. एवढ्या लहान मापाला जीपीएस पुरत नाही. पावसाळा संपल्यावर दहा-दहा मीटरवर ऑटो लेव्हलने (जमिनीचा चढउतार मोजणाऱ्या दुर्बिणीने) उंची घ्यावी. एकराला सुमारे चाळीस वाचने होतात. खेळाच्या मैदानाला शंभरास एक उतार पुरतो. उतार नसलेल्या खोलगट भागात दर वर्षी नवी लाल माती टाकत राहिले की ती जूनमध्ये कॅचपिटमध्ये जाऊन बसते, पर्जन्यजलवाहिनी तुंबते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा मातीचे कंत्राट निघते. नकाशावर कॅचपिट, उतार आणि साचलेले पाणी एकावर एक ठेवले की हे चक्र तिथेच दिसते.

उपग्रहावरून गवताची हिरवाई मोजून देण्याचे प्रस्तावही येतात. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रे मोफत आहेत. पण त्यांचा एक पिक्सेल दहा मीटरचा असतो. एक एकराचे मैदान म्हणजे चाळीस ठिपके, त्यात एकटे झाड दिसत नाही आणि पावसाळ्यात ढगच दिसतात. मोठ्या मैदानाचा वर्षभराचा कल पाहायला ती ठीक, त्यावरून माळ्याला काम देता येत नाही. ड्रोनला मुंबईत विमानतळामुळे बऱ्याच भागात परवानगी लागते, म्हणून वेळापत्रक त्यावर टांगून ठेवू नये.

निविदेत एक अट मात्र हवीच: सगळी माहिती दर आठवड्याला जिओपॅकेजमध्ये, फोटोंसह, महापालिकेच्या संगणकावर जमा झाली पाहिजे, आणि तिच्याशिवाय बिल पास होता कामा नये. कंत्राट संपले आणि पोर्टलचा पासवर्ड कंत्राटदारासोबत गेला, की पुढचा येऊन पहिल्या झाडापासून मोजणी सुरू करतो.

आणि नागरिकांसाठी एक बिनखर्चाची गोष्ट. तुकड्याचा क्रमांक नकाशावर आहे तसाच बाकाच्या पाठीवर, दिव्याच्या खांबावर आणि फाटकावर रंगवावा. झाडाला खिळा ठोकून पाटी लावू नये. महापालिकेच्या १९१६ या मदत क्रमांकावर फोन करणाऱ्याने ‘मैदानाच्या त्या कोपऱ्यात, वडाच्या पुढे’ असे सांगण्याऐवजी ‘जी उत्तर-०१४-०३, झोपाळ्याची साखळी तुटली’ एवढे सांगितले, की तक्रार त्या तुकड्याच्या मुकादमाच्या मोबाइलवर थेट पडू शकेल.

आपले,
उद्यान देखभाल व नकाशांचे काम करणारे काही वाचक, दादर, मुंबई