आशाताई, तुम्ही टीव्ही बंद केलात म्हणून

आशाताई,

त्या दुपारी तुमची अर्धी आळी बाकी होती. तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे तब्येतीच्या चौकशीची प्रश्नावली, भरायची, आणि आमच्या आत्याबाईंपाशी गाडी अडली. ‘जवळच्या माणसांची नावं, घरचा पत्ता विसरायला होतं का?’ असं तुम्ही विचारलंत, तर त्या म्हणाल्या, ‘हो, आत्ताच जेवले.’ दुसरं कोणी असतं तर ‘हो’वर खूण करून पुढच्या घरी गेलं असतं. तुम्ही उठून टीव्ही बंद केलात, स्टूल ओढून त्यांच्या पुढ्यात बसलात, तोंडावरचा मास्क खाली घेतलात आणि तोच प्रश्न सावकाश पुन्हा विचारलात. मग काय! नातवंडांची नावं थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, वर कोणाच्या लग्नात कोण मानपानावरून रुसलं होतं तेही. जाताना तुम्ही एवढंच म्हणालात, ‘वहिनी, आधी कान दाखवा.’

ताई, त्याआधी आम्ही तालुक्याच्या एका डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो. त्यांनी मोबाइलमधून मान वर न काढता ‘वय झालं, चालायचंच’ म्हणत टॉनिक लिहून दिलं. फी मात्र पूर्ण घेतली. नातेवाइकांचं तर ठरलेलंच, साठी बुद्धी नाठी. आत्याबाईंनी भजनाला जाणं सोडलं, शेजारी बसणं सोडलं, तेव्हाही सगळ्यांनी विसरभोळेपणाच्याच खात्यावर टाकलं. अहो, जे कानातच शिरलं नाही ते लक्षात कसं राहणार?

पुढचं पाल्हाळ लावत नाही. कानात मळ होता, तो काढल्यावरही ऐकू कमीच येत होतं, म्हणून मशीन बसवलं. रक्तात बी १२ कमी निघालं, त्याची इंजेक्शनं झाली. आता भजनी मंडळात त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर असतो.

लेकीने मला वाचून दाखवलं की डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची, टाळण्याजोगी १४ कारणं २०२४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने मांडली आहेत. ती सगळी आटोक्यात आली तर जवळपास ४५ टक्के लोकांचा आजार टळू किंवा लांबू शकतो म्हणे. त्यात ऐकू कमी येणं आहे, तसंच नजर, बीपी, साखर, तंबाखू आणि एकटं पडणंही आहे. आत्याबाईंना पुढे काही होणारच नाही असं मी म्हणत नाही, पण बीपीची गोळी आता चुकत नाही आणि संध्याकाळी देवळापर्यंत चालणंही चुकत नाही. यातलं कुठलंच काम मोठ्या हॉस्पिटलात होत नाही. ते ओट्यावर बसून होतं, तुमच्यासारखं कोणी बसलं तर.

आणि तुम्हालाच मानधनासाठी आझाद मैदानात बसावं लागतं! लाज कोणाला वाटायला हवी ते मी इथे लिहीत नाही. घाईच्या कामातही समोरच्या म्हातारीला माणूस म्हणून दोन मिनिटं देणं कुठल्या फॉर्ममध्ये येत नाही, त्याचा मोबदलाही निघत नाही. अशी माणसं आहेत म्हणून गावगाडा चाललाय.

एक तक्रार मात्र आहे. आत्याबाईंना आता माझं स्वयंपाकघरातलं पुटपुटणंसुद्धा स्पष्ट ऐकू येतं. तुम्ही आलात की हे भांडण तुम्हीच मिटवायचं. थालीपीठ करून ठेवते.

तुमची,
वरच्या आळीतली वहिनी